गावची समर फेट आणि शाळेचा मेपोल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या एखाद्या लहान गावात घर घेतलं, मूल तिथल्या प्राथमिक शाळेत घातलं, की मे महिन्यात दप्तरातून चिठ्ठी येतेच. अमुक शनिवारी फेट आहे, मेपोलच्या, म्हणजे उंच खांबाला बांधलेल्या रंगीत फिती धरून करायच्या नाचाच्या, सरावाला धड बूट घालून पाठवा, टोंबोल्यासाठी एक बाटली द्या, तासभर मदतीला या. त्यानंतर मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दर वर्षी तेच प्रश्न फिरतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. कायद्याचे मुद्दे इंग्लंड आणि वेल्सपुरते आहेत. स्कॉटलंडचे नियम वेगळे.

फेट म्हणजे आपली जत्राच ना?

पाळणे, खाऊ, गर्दी, हरवलेली पोरं, एवढं सगळं जत्रेसारखंच. फरक पैशाच्या दिशेत आहे. जत्रेत वर्गणी आधी गोळा होते आणि मग खर्च होते. फेट भरते तीच पैसे उभे करायला. शाळेला वाचनालयाची पुस्तकं हवी असतात, चर्चचं छप्पर गळत असतं, गावच्या हॉलचं स्वयंपाकघर जुनं झालेलं असतं. त्यामुळे दुपारभरात पन्नास पेन्स इकडे, एक पौंड तिकडे असा खिसा हलका होतो आणि त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही.

ती बहुधा जून किंवा जुलैच्या शनिवारी, साधारण बारा ते चार या वेळात असते. जागा शाळेचं मैदान किंवा गावचं हिरवळीचं पटांगण. शाळेच्या फेटचा कारभार पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघ पाहतो. गावाच्या फेटला चर्चची किंवा पॅरिश कौन्सिलची, म्हणजे गावच्या पंचायतीची, माणसं पुढे असतात. लहान गावात हे सगळे तेच दहा-बारा लोक असतात.

मे डे आणि फेट एकच का?

नाही. मे डे १ मेचा. त्याची सुट्टी मेच्या पहिल्या सोमवारी असते आणि ती १९७८ पासून सुरू झाली. मेपोल मुळात त्या दिवसाचा. पण मेच्या सुरुवातीला थंडी असते आणि ईस्टरची सुट्टी नुकतीच संपल्याने सरावालाही वेळ मिळत नाही. म्हणून बऱ्याच शाळा नाच फेटच्या दिवशी ठेवतात.

काही गावांत मात्र कायमचा खांब उभा आहे आणि तिथे मेचा मानच मोठा. बेडफर्डशरमधलं इकवेल आणि नॉटिंगहॅमशरमधलं वेलो ही अशी दोन गावं. यॉर्कशरच्या बारविक-इन-एल्मेटमधला उंच खांब दर तीन वर्षांनी उतरवून, रंगवून पुन्हा उभा करतात. जवळपास राहत असाल तर तो दिवस चुकवू नका.

हा नाच फार प्राचीन आहे म्हणतात. खरं का?

खांब जुना, फिती त्या मानाने नव्या. पूर्वीचे मेपोल गगनचुंबी असत आणि लोक त्यांच्याभोवती नुसते फेर धरत. १६४४ साली पार्लमेंटने ते पाडायचा हुकूम काढला. राजेशाही परत आल्यावर १६६१ मध्ये लंडनच्या स्ट्रँडवर १३४ फुटी खांब उभा राहिला. मुलांनी रंगीत फिती धरून वीण घालायची पद्धत एकोणिसाव्या शतकातली आहे. १८८१ मध्ये कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्या प्रेरणेने लंडनच्या व्हाइटलँड्स कॉलेजात मे क्वीनचा, म्हणजे एका मुलीला मे महिन्याची राणी निवडायचा, सोहळा सुरू झाला. तिथे शिक्षिका तयार होत. त्या जिथे नोकरीला गेल्या तिथे मे क्वीन आणि मेपोलही बरोबर गेले. थोडक्यात, ही परंपरा गावाइतकीच शाळेचीही आहे.

हा तर आपला गोफ! मग वेगळं काय?

शाळेच्या गॅदरिंगला गोफ विणलेल्या कुणालाही हे पाहताक्षणी कळतं. गोव्यात शिगम्याला गोफ खेळतात, महाराष्ट्रात शाळाशाळांत बसवतात. पाया तोच आहे : अर्ध्या जणांनी एका दिशेने जायचं, उरलेल्यांनी उलट, एकदा आतून, एकदा बाहेरून, आणि शेवटी त्याच वाटेने मागे येत सगळं सोडवायचं.

फरक टांगणीचा. गोफाच्या दोऱ्या वरच्या आकड्याला असतात, वेणी अधांतरी खाली उतरते आणि मध्ये काहीच नसतं. मेपोलमध्ये वीण खांबाच्या अंगावर बसते. त्यामुळे गोफात थोडी ढील खपून जाते, इथे फीत सैल पडली की खांबावर लगेच फुगा दिसतो. दुसरं म्हणजे, गोफात दुसऱ्या हातात टिपरी असू शकते. इथे मोकळा हात कमरेवर. घरी मुलाला समजावताना गोफ म्हणूनच समजावा, सोपं जातं.

खांब किती उंच, फिती किती लांब?

शाळेचा सुटा खांब ३ ते ३.५ मीटरचा असतो. खाली जड बैठक आणि वर फिती अडकवायची चकती. फितीची लांबी खांबाच्या दीडपट धरतात, म्हणजे ३ मीटरच्या खांबाला साडेचार मीटर. मुलांचे हात जमिनीपासून मीटरभर उंचीवर धरले तर ताठ फीत मुलाला खांबापासून जेमतेम ४ मीटर लांब जाऊ देते. बाहेर प्रेक्षकांना बसायला जागा सोडून किमान दहा मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ हवं. बर्गरचा स्टॉल त्यात घुसला की पंचाईत.

फिती सुती, विणीच्या, इंचभर रुंदीच्या चांगल्या. साटीनच्या दिसतात छान, पण हातातून सटकतात आणि पिळा पडला की पडलाच. संख्या सम हवी : १२, १६ किंवा २४. नवशिक्या वर्गाला १२ पुरेत. रंग दोनच ठेवले तर चुकलेलं मूल लांबूनही ओळखू येतं. आठ रंगांचा खांब फोटोपुरता बरा.

बैठक जड असली तरी सोळा जणांच्या ओढीने खांब डगमगतो. म्हणून दोन-चार मोठी मुलं बैठकीवर पाठीला पाठ लावून बसवतात. ज्यांना नाचायचं नाही पण भाग घ्यायचाय, त्यांच्यासाठी हे काम उत्तम. एक तपासणी कुणी करत नाही : वरची चकती सैल होऊन फिरायला लागली तर फिती खांबाला गुंडाळल्याच जात नाहीत. आदल्या दिवशी ती हलवून पाहा आणि घट्ट करा.

मुलं नक्की काय काय विणतात?

शाळांत बहुधा तीन-चार प्रकार शिकवतात, सोप्याकडून अवघडाकडे.

पहिला न्हाव्याचा खांब. सगळ्यांनी एकाच दिशेने फेर धरायचा आणि खांबावर तिरपे पट्टे उतरतात. चूक व्हायला वाव नाही, म्हणून रिसेप्शन आणि इयर वनच्या, म्हणजे चार ते सहा वर्षांच्या, मुलांना हाच देतात.

दुसरा तंबू. मुलांना एकाआड एक असे एक आणि दोन नंबर दिलेले असतात. दोन नंबरची मुलं फीत ताठ धरून जागेवर उभी राहतात. एक नंबरची मुलं त्यांच्यामधून नागमोडी जातात, एकाच्या बाहेरून, पुढच्याच्या आतून. वरून खाली पसरलेला विणलेला तंबू तयार होतो. हा प्रेक्षकांना सगळ्यात आवडतो आणि बिघडतो तो उभ्या मुलांमुळे. पळणारं मूल मजेत असतं, उभ्याचा हात दुखतो, तो हळूच खाली येतो आणि तंबूला खळगा पडतो.

तिसरी वेणी, म्हणजे खरा गोफ. एक नंबर घड्याळाच्या दिशेने, दोन नंबर उलट. समोरासमोर आल्यावर जो बाहेरून जातो तो हात वर करून फीत दुसऱ्याच्या डोक्यावरून नेतो आणि आतून जाणारा वाकतो. पुढच्या भेटीत अदलाबदल. वीण खाली उतरते तशी फीत आडवी होत जाते आणि आतल्याला जास्त वाकावं लागतं. उंच मुलांना बसावंसं वाटू लागलं की थांबायची वेळ झाली.

चौथं कोळ्याचं जाळं. यात उभ्या जोडीदाराला पूर्ण प्रदक्षिणा घालून पुढच्याकडे जायचं असतं. इयर फाइव्ह-सिक्सचं, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या दोन वर्गांचं, काम आहे. लहानांच्या वाटेला देऊ नये.

सराव कसा आणि किती?

आठवड्याला एक तास धरला तर सहा आठवडे. मधली हाफ-टर्मची सुट्टी मोजायची विसरतात आणि मग शेवटच्या आठवड्यात घाई होते. ईस्टरनंतर लगेच सुरुवात केलेली बरी.

पहिले दोन तास फितीला हात लावू देऊ नये. डांबरी पटांगणावर खडूने वर्तुळ काढायचं, मुलांना एक-दोन, एक-दोन असे नंबर द्यायचे, दोन रंगांच्या पट्ट्या घालायच्या आणि नुसतं आतून-बाहेरून चालायला लावायचं. चालणं जमलं की उड्या मारत, मग संगीत, मग फिती. क्रम उलटा केला की पहिल्याच दिवशी गुंता होतो आणि मुलांचा धीर सुटतो.

संगीत बहुधा जिग, दादऱ्यासारखं तीन-तीनच्या झोकाचं. घरी सराव घ्यायचा असेल तर दादऱ्याच्या ठेक्यावर उड्या मारायला लावा, पाय आपोआप पडतात. घड्याळाच्या दिशेने जाताना खांब उजवीकडे येतो, म्हणून फीत उजव्या हातात. उलट दिशेला डावीकडे, म्हणून डाव्या हातात. मूल डावखुरं आहे की उजवं, याचा इथे संबंध नाही.

शिक्षकांनाही फारसा ठाऊक नसलेला एक बारकावा. वेणी सोडवताना शेवटची भेट ज्याने बाहेरून ओलांडली, त्यानेच उलट फेरीत आधी बाहेरून जायचं असतं. भेटींची संख्या सम असेल तर हे सुरुवातीच्या उलट येतं आणि मुलं हमखास फसतात. विषम ठेवली, समजा पंधरा, तर जाताना आणि येताना दोन्ही वेळा ‘एक नंबर आधी बाहेरून’ हा एकच नियम लागतो. भेटी मोठ्याने मोजायला एक मोठं माणूस उभं करा. बाकीचं मुलं सांभाळतात.

ऐन कार्यक्रमात गुंता झाला तर?

संगीत चालू ठेवा, मुलांना थांबवा. फीत कुणीही सोडायची नाही, हे आधीच शिकवलेलं असावं. कारण एक सुटलेली फीत बाकीच्यांभोवती लोंबते आणि मग खरा गुंता होतो. चुकलेली फीत खांबाजवळून वर बघत शोधायची : शेजारच्या दोन फितींवरून सलग गेलेली किंवा सलग खालून गेलेली, तीच. त्या मुलाला एक भेट मागे घ्यायचं, नाही जमलं तर सगळ्यांनी तिथूनच उलट फिरायचं. प्रेक्षकांना कळतही नाही. अगदीच हाताबाहेर गेलं तर मुलांनी फिती खांबापाशी नेऊन ठेवाव्यात, वाकून नमस्कार करावा आणि टाळ्या घ्याव्यात. टाळ्या भरपूर पडतात.

त्या दिवशी मूल आजारी पडलं तर नाच मोडतो का?

एक मूल कमी झालं की जोडी मोडते. म्हणून दोन राखीव मुलं सगळा सराव करतात. राखीव नसेल तर शिक्षिका फीत धरतात. तेही जमलं नाही तर एक जोडी पूर्ण कमी करून त्या दोन फिती खांबाला ताठ बांधून टाकतात. शाळेला सकाळी आठच्या आत कळवा. ‘बघू दुपारपर्यंत बरं वाटतं का’ म्हणून थांबलात तर शिक्षिकेची अडचण होते.

परकर-पोलका घालून पाठवू का?

शाळेने पोशाख सांगितला नसेल तर विचारून बघा, हौसेने हो म्हणतील. अडचण परकराच्या घेराची आहे. उड्या मारताना आणि वाकताना तो पायात येतो. घोट्याच्या वर बोटभर शिवलेला असेल तर चालतो, ओढणी नको. मुलांनाही लांब झब्बा नकोच. पायात बांधलेले बूट हवेत. चपला आणि लोंबणाऱ्या नाड्या या दोन गोष्टींनी मुलं पडतात.

पाऊस आला तर? आणि ऊन पडलं तर?

रिमझिमीत फेट थांबत नाही, मेपोल थांबतो. भिजलेली फीत जड होते, ताणली जाते आणि ओल्या गवतावर मुलं घसरतात. खांब हॉलमध्ये नेतात, पण आधी छताची उंची मोजलेली असावी. ओल्या फिती गुंडाळून ठेवल्या तर डाग पडतात, रात्री वाळत घालाव्या लागतात.

ऊन असेल तर सनक्रीम घरूनच लावून पाठवा, बऱ्याच शाळांत शिक्षक लावत नाहीत. जून-जुलै गवताच्या परागांचे महिने. ज्या मुलांना परागांची अ‍ॅलर्जी (हे-फीवर) आहे त्यांचं औषध सकाळीच द्या.

टोंबोला म्हणजे हाउझी का?

भारतात तंबोला म्हटलं की हाउझी डोळ्यांसमोर येते. इथला टोंबोला वेगळा. टेबलावर बक्षिसं मांडलेली, पिंपात घड्या घातलेली तिकिटं. शेवटी ० किंवा ५ असलेला आकडा निघाला की त्या आकड्याचं बक्षीस तुमचं.

हिशेब सोपा आहे : १ ते ५०० मध्ये ० किंवा ५ ने संपणारे १०० आकडे. म्हणजे १०० बक्षिसांना ५०० तिकिटं. पन्नास पेन्सला एक दिलं तर सगळी विकल्यावर २५० पौंड. तिकिटांच्या पुस्तकात एकाच आकड्याच्या दोन प्रती असतात. एक बक्षिसाला चिकटवायची, दुसरी घडी घालून पिंपात. घड्या एकसारख्या घाला. सगळा कंटाळवाणा भाग हाच आहे, दोघांना एक संध्याकाळ लागते. पिंप नीट ढवळलं नाही तर पहिल्या अर्ध्या तासात सगळ्या चांगल्या बाटल्या जातात आणि उरतं शॉवर जेल.

बक्षिसं येतात ती नॉन-युनिफॉर्म डेला. मूल घरच्या कपड्यात शाळेत येतं आणि त्या बदल्यात बाटली किंवा चॉकलेट आणतं. घरात पडून असलेलं द्यायला हरकत नाही, फक्त तारीख पाहा. वाइनच्या बाटल्या असतील तर मोठ्यांचा टोंबोला वेगळा ठेवतात.

रॅफल (बक्षिसांची सोडत), बिअर, पिम्स (जिनचं थंड पेय) यांना परवाना लागतो का?

फेटच्या ठिकाणीच तिकिटं विकली तर रॅफलला परवाना लागत नाही. जमलेल्या रकमेतून बक्षिसांवर ५०० पौंडांपेक्षा जास्त आणि खर्चापोटी १०० पौंडांपेक्षा जास्त वळतं करता येत नाही. देणगीत आलेल्या बक्षिसांना ही मर्यादा नाही. तिकिटं आठवडाभर आधी गावभर विकायची असतील तर मात्र कौन्सिलकडे लॉटरीची नोंदणी हवी आणि ती तिकिटं १६ वर्षांखालच्यांना विकता येत नाहीत.

दारू विकायची तर कौन्सिलला टेंपररी इव्हेंट नोटीस, म्हणजे तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना, द्यावी लागते. फी २१ पौंड, एका वेळी जास्तीत जास्त ४९९ माणसं, मदतनीस धरून. नोटीस किमान १० कामाचे दिवस आधी हवी. नोटीस पोहोचल्याचा आणि फेटचा दिवस यांत मोजत नाहीत. इथेच दर वर्षी कुणीतरी चुकतं, कारण मधली बँक हॉलिडे विसरली जाते. उशिराची नोटीस ५ ते ९ कामाचे दिवस आधी देता येते, पण तिला पोलिसांनी किंवा कौन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य विभागाने हरकत घेतली की विषय संपला.

नारळावर चेंडू मारतात म्हणे?

हो, आणि आपल्याकडच्या आजींना ते बघवत नाही. खुंटांवरच्या वाट्यांत नारळ बसवलेले असतात, लाकडी चेंडू तीन मिळतात, नारळ खाली पाडला की तुमचा. मागे जाळी किंवा ताडपत्री हवीच. मुलांना पुढची रेघ, मोठ्यांना मागची. नारळ वाटीत फार घट्ट बसले तर नेमका फटका बसूनही पडत नाहीत आणि रांगेत कुरबूर सुरू होते. दर थोड्या वेळाने ते उचलून पुन्हा सैल ठेवावे लागतात. जिंकलेला नारळ कानाशी हलवून बघा. पाणी वाजलं तर चटणी करा, नाही तर पुढच्या फेटला परत द्या.

घरी करता येईल असा एखादा खेळ सांगा.

स्प्लॅट द रॅट. एका फळीवर मीटरभर लांबीचा पाण्याचा पाइप उभा पक्का करायचा, खाली वीतभर मोकळी फळी सोडायची. मोज्यात तांदूळ भरून शेपटी लावली की उंदीर झाला. वरून तो सोडायचा, खालून बाहेर पडताच बॅटने हाणायचा. पाइप उंदरापेक्षा दीडपट रुंद हवा, नाही तर ऐन वेळी उंदीर आत अडकतो. उंदीर फक्त खेळ चालवणाऱ्यानेच सोडायचा आणि कधी सोडणार ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. मोजे तीन ठेवा, फुटतात.

खाऊच्या स्टॉलला आपलं काय न्यावं?

शंकरपाळे आणि नानकटाई. दोन्ही टिकतात, उन्हात वितळत नाहीत, शेंगदाणे-काजू न घालता होतात आणि कागदी पेल्यात भरून पौंडाला जातात. दोन किलो शंकरपाळे पुरे. चिवडा नको, त्यात दाणे. तिळाचंही टाळा, कारण कायद्याने सांगाव्या लागणाऱ्या १४ अ‍ॅलर्जीकारक घटकांत तीळ आहेत. रव्याचे लाडू न्यायचे तर काजूशिवाय, आणि रव्यात ग्लुटेन असतं ते लिहा. चिठ्ठीवर सगळे घटक स्पष्ट लिहा : मैदा म्हणजे गव्हाचं पीठ, तूप म्हणजे दूध. नुसतं ‘शंकरपाळे’ लिहिलं तर कुणी हात लावत नाही. ‘गोड, खुसखुशीत, अंडं नाही’ असं लिहिलं तर तासाभरात संपतात.

वडापावचा स्टॉल लावू का?

खपेल नक्की. प्रश्न तळण्याचा आहे. मैदानावर उकळत्या तेलाची कढई म्हटली की विमा आणि आग दोन्ही आलं, बहुतेक पीटीए नाही म्हणतात. घरून तळून आणायचे तर गरम पदार्थ ६३ अंशांच्या वर ठेवावे लागतात. त्याखाली एकदाच, जास्तीत जास्त दोन तास. घरचे वडे इतका वेळ झाकून ठेवले तर कव्हर मऊ पडतं आणि पहिल्यांदा वडा खाणाऱ्याला वाटतं की तो असाच असतो. त्यापेक्षा भेळ बरी, दाणे वगळून. वर्षातून एकदा शाळेसाठी केलं तर अन्नव्यवसाय म्हणून नोंदणीची सहसा गरज नसते. वरचेवर करू लागलात तर मात्र लागते.

ताटातली बाग, भाज्यांपासून बनवलेला प्राणी या स्पर्धांचं काय?

मुलांसाठी हा फेटचा फार सुंदर कोपरा आहे, आणि पालकांनी हात मारला की परीक्षकाला एका नजरेत कळतं. बागेसाठी जेवणाच्या ताटात शेवाळ, काटक्या, खडे, तळ्यासाठी छोटा आरसा. शेवाळ आदल्या रात्री शिंपडून ठेवा, सकाळी तोडलेली फुलं शेवटी खोचा.

छापील नियमपत्रक अक्षरशः पाळा. ‘तीन टोमॅटो’ म्हटलं असेल तर तीनच. चार ठेवले की कार्डावर ‘एन.ए.एस.’ लिहून जातात, म्हणजे पत्रकाबरहुकूम नाही, आणि मग टोमॅटो कितीही देखणे असोत. ताटाचा व्यास दिला असेल तर मोजून घ्या. वस्तू सकाळी ठरलेल्या वेळेतच मांडायच्या. मग हॉल बंद करून परीक्षण होतं.

मोठ्यांच्या व्हिक्टोरिया स्पंज केकलाही हेच लागू. आत फक्त रास्पबेरी जॅम, वर बारीक साखर, क्रीम अजिबात नाही. जाळीवर गार करताना उमटलेल्या रेघांचेही गुण जातात.

उड्या मारायचा फुगा, म्हणजे बाउन्सी कॅसल, सुरक्षित असतो का?

दोनच गोष्टी बघा. एक, त्यावर चालू वर्षाच्या तपासणीचा पीआयपीए किंवा अ‍ॅडिप्स या तपासणी योजनेचा टॅग आहे का. दोन, तो किमान सहा ठिकाणी जमिनीत पक्का केलाय का. वारा ताशी ३८ किलोमीटरच्या वर गेला की मुलं उतरवायची, मग भाडं फुकट गेलं तरी चालेल.

लेझीम ठेवू द्याल का, म्हणून विचारलं तर?

विचारा, मार्चपर्यंत विचारा. रिंगणाचं वेळापत्रक तेव्हाच ठरतं आणि दहा मिनिटं सहज मिळतात. ध्वनिमुद्रित संगीत वाजवणार असाल तर शाळेचा संगीत परवाना त्या दिवसाला लागू होतो का, ते सेक्रेटरीला विचारून घ्या. हलगी प्रत्यक्ष वाजवणार असाल तर आणखी छान. एकच अट स्वतःहून घाला : लेझीम कुत्र्यांच्या स्पर्धेच्या लगेच आधी किंवा नंतर नको.

मुलाच्या हातात किती पैसे द्यावेत?

सुटे पाच ते दहा पौंड. पन्नास पेन्स आणि एक पौंडाची नाणीच. वीसची नोट घेऊन आलेल्या मुलाला पहिल्या स्टॉलवर कुणी सुटे देत नाही. लहान मुलाच्या मनगटावर कागदी पट्टीवर तुमचा फोन नंबर लिहा, नाव नको. मुलं फेटमध्ये पालकांच्या जबाबदारीवर असतात, शिक्षक त्या दिवशी पाहुणे.

‘एक तास मदत’ म्हणजे काय करावं लागतं? इंग्रजी गप्पांचा संकोच वाटतो.

मग मांडामांड घ्या, सकाळी नऊ ते अकरा. टेबलं उचलायची, गझिबो, म्हणजे चार पायांचे कापडी मांडव, बांधायचे, प्रत्येक पायाला वजन अडकवायचं. बोलणं कमी, ओळख पक्की. स्टॉलवर बोलावं लागतंच, पण टोंबोल्यावर चार वाक्यांत भागतं. चहा-केकच्या टेबलावर दोन ते तीनची पाळी टाळा, सगळं गाव तेव्हाच येतं. फार कमी लोक निवडतात ती वेळ म्हणजे आवराआवर, चार ते पाच. त्या तासात उभं राहिलेलं माणूस पीटीएला पुढच्या वर्षीही आठवतं.

पैशांचा हिशेब कसा ठेवतात?

प्रत्येक स्टॉलला सकाळी सुट्यांचा डबा मिळतो, साधारण वीस-तीस पौंडांचा, आतल्या चिठ्ठीवर रक्कम लिहिलेली. दुपारी एकदा जास्तीचे पैसे खजिनदार उचलून नेतात, म्हणजे टेबलावर ढीग राहत नाही. शेवटी बंद खोलीत दोघांनी मिळून मोजायचं, सुरुवातीचे सुटे वजा करायचे, स्टॉलवार आकडा लिहायचा, दोघांच्या सह्या. कार्डाच्या यंत्रावर जमलेले पैसे वेगळ्या रकान्यात लिहा, कारण ते बँकेत काही दिवसांनी आणि शुल्क कापून येतात. स्टॉलवार आकडे जपून ठेवले तर पुढच्या वर्षी कोणता स्टॉल गाळायचा यावर सभेत तासभर वाद होत नाही. नाणी मोजून बँकेच्या पिशव्यांत भरायला दोन माणसांना दीड-दोन तास लागतात, तेवढा वेळ आधीच राखून ठेवा.